फाइलीला सलाईन

तो पिक्चर रायपुरात जेमतेम एक दिवस चालला आणि आमच्या ऑफिसातल्या दोघांनीच तो पाहिला. एक मी, दुसरा माझा मित्र. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. दुसरंही सांगून टाकतो. पिक्चर मला त्याच्यापेक्षा जास्त कळतात. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं, आणि खरं बोलायचं तर अजूनही वाटतं.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भोपाळहून ट्रकांनी आलेल्या फाइली अजून सुतळीत बांधलेल्याच पडून होत्या. राजधानी झाली, पण राजधानीला बसायला जागा नव्हती, म्हणून जिथे छप्पर मिळेल तिथे एकेक खातं घुसवलं होतं. आमच्या संचालनालयाच्या वाट्याला बंद पडलेला सरकारी दवाखाना आला. एक्स-रेच्या खोलीत रेकॉर्ड, ड्रेसिंगच्या खोलीत आवक-जावक, आणि साहेबांच्या दारावर 'कृपया शांति बनाए रखें' ही जुनी पाटी तशीच. ती काढायचं कोणाला सुचलं नाही, आणि साहेबांना ती आवडत असावी.

आम्ही दोघंही बाबू. मी रायपुरातल्याच तात्यापाऱ्यातला. आजोबा अमरावतीकडून इथे आले ते इथलेच झाले. तो बीरगांवचा, वडील गोंदियाहून कारखान्यात आलेले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दोस्ती आपसूक झाली. डबा एकत्र, पान एकत्र, आणि पिक्चरही एकत्र. फरक इतकाच की मी पिक्चर पाहायचो आणि तो पिक्चरला यायचा. अकरावीपासून माझी वही होती. प्रत्येक पिक्चरबद्दल मी त्यात पान-दोन पान लिहून ठेवायचो. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात माझं चित्रपट-परीक्षण दर वर्षी छापलं जायचं. ते कोणी वाचायचं नाही हे मला माहीत होतं, पण छापलं जायचं.

त्या शुक्रवारी आम्ही दुपारनंतरची अर्धी रजा टाकली आणि तीनचा शो गाठला. पिक्चर राजकारणाची टिंगल करणारा होता. एका मुख्यमंत्र्याला ज्योतिषी सांगतो, खुर्ची नजरेआड झाली की गेलीच. मग तो गडी खुर्ची घेऊनच सगळीकडे हिंडतो. लग्नात, स्मशानात, संडासात. काही संवाद असे होते की मीसुद्धा मागे वळून पाहिलं, कोणी ओळखीचं तर बसलेलं नाही ना म्हणून. सरकारी नोकराला हसतानाही इकडेतिकडे बघावं लागतं.

इंटरव्हलनंतर मित्राला आपल्या लुनाची काळजी वाटली. स्टँडवर लॉक लावलं की नाही ते आठवेना. तो उठून गेला, आणि येताना शेंगदाण्याची पुडी घेऊन पंधरा मिनिटांनी परतला.

"काय झालं बे मधात?" त्यानं विचारलं.

"मंत्री अटक टाळाले हॉस्पिटलात भरती झाला. खुर्ची बाजूच्या बेडवर ठेवली. आता चूप बस," मी म्हणालो.

हे वाक्य माझं होतं. मी नंतर हजार वेळा मोजून पाहिलं आहे, हॉस्पिटलचा सगळा प्रसंग त्यानं पाहिलाच नाही. त्याला तो माझ्या तोंडून, तीन तुटक वाक्यांत कळला.

शनिवारी सकाळी काही लोक झेंडे घेऊन टॉकीजसमोर जमले, पोस्टर फाडली, आणि दुपारपर्यंत मालकानं पिक्चर उतरवून मारामारीचा जुना पिक्चर चढवला. रविवारच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, पिक्चरवर बंदी घातल्याची. म्हणजे सोमवारी आम्ही ऑफिसात शिरलो तेव्हा अख्ख्या ऑफिसला त्या पिक्चरबद्दल मत होतं, आणि पिक्चर कोणीच पाहिलेला नव्हता.

साडेअकराच्या चहाला बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कांनी, मलाच विचारलं. पिक्चरचा जाणकार म्हणून माझंच नाव होतं ना. मी कप खाली ठेवला आणि व्यवस्थित सुरुवात केली. उपरोधाची परंपरा, दिग्दर्शकाची दृष्टी, पूर्वार्धातला सैलपणा. टायपिस्ट दीदी नखं बघायला लागली. लेखापालांनी घड्याळ पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं, "अरे भैया, स्टोरी क्या है?" आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन पंधरा मिनिटं बाहेर असलेला माझा मित्र उठला.

खुर्चीचं त्यानं पटकन उरकलं. मग हॉस्पिटलवर आला. आवक-जावकच्या टेबलावरची एक जाडजूड फाइल त्यानं दोन्ही हातांनी अलगद उचलली, बाकावर आडवी केली, अंगावर रुमाल पांघरला. तिच्यावर कान ठेवला. मग डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "कब से बीमार है?"

स्वतःच नातेवाईक होऊन हात जोडले. "सर, तीन साल से."

"कुछ खाया-पिया?"

"सर, खिलाया तो बहुत, पर सब रास्ते वालों ने खा लिया."

तोवर लोक खुर्च्या ओढून जवळ आले होते. त्यानं लाल शाईची दौत छताकडे उंच धरली, सुतळीचं एक टोक दौतीत आणि दुसरं फाइलीत खोचलं. सलाईन लावली. नाडी पाहिली. "नब्ज़ तो चल रही है, दस्तख़त नहीं चल रहे." मग मान हलवून चिठ्ठी लिहिली, "भोपाल रेफर कर दो." फाइल काखेत मारून दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला, चेहरा पाडून. "सर, भोपाल वाले बोले, अब ये आपका मरीज़ है."

बडे बाबूंच्या नाकातून चहा आला. साहेबांच्या दारावरच्या शांततेच्या पाटीखाली दहा माणसं पोट धरून हसत होती. मीही हसलो. पहिल्यांदा तर खरंच हसलो. मग लक्षात आलं की हे पिक्चरमध्ये नव्हतं. पिक्चरमध्ये मंत्री होता, खुर्ची होती, एक नर्स होती, दीड मिनिटाचा प्रसंग. फाइल नव्हती, सलाईन नव्हती, आणि मुंबईत बसलेल्या माणसाला आमचं भोपाळचं दुखणं कुठून कळणार. हे सगळं त्यानं माझ्या तीन वाक्यांवर उभं केलं होतं. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथपासून.

पुढचे पंधरा दिवस आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. लेखापाल म्हणायचे, असा पिक्चर काढायला छाती लागते. दीदी म्हणायची, सरकारची अशी थट्टा बरी नाही, पण तो फाइलवाला सीन पुन्हा दाखवा. डिस्पॅचचे एक म्हातारे होते, बंदी घातली तेच योग्य झालं म्हणायचे. ते रोज हे म्हणायचे, आणि रोज सगळ्यात पुढची खुर्ची धरून बसायचे. शेजारच्या खात्यांतून माणसं चहाच्या वेळेला येऊ लागली. सगळे पिक्चरबद्दल वाद घालत होते, आणि पिक्चर म्हणजे माझा मित्र, एक फाइल आणि लाल शाई. ज्यानं पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहिला होता, त्याला कोणी विचारत नव्हतं.

हे मी सहनही केलं असतं. पण एका रविवारी तो घरी आला.

बायकोनं पोहे केले होते. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मी तिला किती पिक्चर समजावून सांगितले असतील. ती भाजी निवडत हं हं करायची आणि मी म्हणायचो, बाई पिक्चरमध्ये रमणारी नाही. त्या दिवशी त्यानं आमच्या पाटावर उशी आडवी केली, सलाईन म्हणून वरती सांडशी टांगली आणि सुरुवात केली. दस्तखतापर्यंत आला तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात. इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि हसू ओसरल्यावर तिनं माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्ही तर म्हणाले होते, पिक्चर ठीकठाक आहे म्हणून. काहून जी, हे सांगितलंच नाही?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी हा सांगेल. तो म्हणाला, "वहिनी, पोहे अजून आहेत काय?"

त्या रात्री वहीतलं त्या पिक्चरचं पान काढून मी पुन्हा वाचलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात एकही हसू नव्हतं.

मग कहर झाला. एका हिंदी पेपरानं वाचकांची मतं मागवली होती, पिक्चरवरची बंदी योग्य की अयोग्य. तेव्हा अशी पद्धत होती की चार ओळींचं मत आणि सोबत पासपोर्ट फोटो पाठवायचा. लोक त्यासाठी फोटोच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवायचे, मीही ठेवल्या होत्या. मी दीड पान लिहून पाठवलं, फोटोसकट. छापून आले आमचे लेखापाल. टाय लावलेला फोटो आणि खाली मत: ज्या पिक्चरमध्ये फाइलीला सलाईन चढवण्याचं दृश्य आहे, त्या पिक्चरच्या निर्भीडपणाला सलाम. पेपर ऑफिसभर फिरला. जो सीन कोणत्याही पडद्यावर कधी दिसला नव्हता तो छापून आला, आणि माझं मत त्या पेपरच्या केराच्या टोपलीत गेलं.

त्याच दुपारी मी बडे बाबूंच्या टेबलाशी गेलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "बडे बाबू," मी म्हणालो, "वो फाइल वाला सीन पिक्चर में है ही नहीं. उसका बनाया हुआ है. झूठ है सब."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. मित्र खोटारडा ठरेल, चहाची गर्दी ओसरेल. बडे बाबू चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खुद बनाया? अपने मन से?" आणि मान हलवत, जणू देवळात काही पाहून आल्यासारखे, म्हणाले, "क्या दिमाग़ है यार."

इतकं तोंडात मारल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. मी त्याला खाली ओढायला गेलो आणि माझ्याच हातानं त्याला वर चढवून आलो.

बडे बाबूंनी हे कौतुकानं चार जणांना सांगितलं. त्या चौघांपैकी कोणीतरी ते जॉइंट डायरेक्टर साहेबांपर्यंत पोचवलं. साहेबांनी तो पेपर वाचला होताच. दवाखान्यात भरलेलं ऑफिस शहरात एकच नसेल, पण फाइली बेडवर म्हटल्यावर साहेबांना आपलंच ऑफिस दिसलं. पिक्चरमधली थट्टा वेगळी, सरकारी कर्मचाऱ्यानं कामाच्या वेळात स्वतः रचलेली थट्टा वेगळी. तिसऱ्या दिवशी मित्राच्या हातात कारण दाखवा नोटीस पडली. बदली दूर जंगलपट्ट्यातल्या सुकम्याकडे होणार अशी कुजबुज सुरू झाली. घरी त्याची आई लकव्यानं अंथरुणावर होती. तिला उठवायला-बसवायला तो एकटा होता. सुकम्याला तो तिला नेऊ शकला नसता आणि बीरगांवला टाकून जाऊ शकला नसता.

सगळं एका प्रश्नावर अडलं होतं. तो सीन पिक्चरमध्ये होता की नव्हता? पिक्चरच्या रिळांची पेटी तर शहराबाहेर गेलेली. साहेबांनी टॉकीजला पत्र पाठवलं, टॉकीजवाल्यानं कळवलं की आम्ही पिक्चर दाखवतो, पाहत नाही. मग कोणीतरी आठवण करून दिली की त्याच शोला मीही होतो. मला जबानीसाठी बोलावणं आलं. कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रत्यक्षदर्शी दर्शक'. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पिक्चरबद्दल माझं मत लेखी मागत होतं.

आदल्या संध्याकाळी मी पुष्कळ विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं. विचार फारसा केला नाही. मैत्री आठवली, त्याची आई आठवली, हेही खरं. पण सगळ्यात जास्त आठवत होता तो बडे बाबूंचा चष्मा काढलेला चेहरा. मी खरं बोललो तर मित्राची बदली होईल, आणि सगळं रायपूर म्हणेल, क्या दिमाग़ है यार. सुकम्याला जाईल तो मोठा होऊनच जाईल. माझी बायकोही हेच म्हणेल.

साहेबांच्या खोलीत बडे बाबू होते, स्टेनो होता, आणि कोपऱ्यात मित्र उभा होता. साहेबांनी विचारलं, "आपने पूरी पिक्चर देखी थी?"

"जी सर. पूरी."

"वो फाइल वाला दृश्य उसमें था?"

"था सर."

बडे बाबू खुर्चीत हलले. "पर आपने तो मुझसे..."

"मज़ाक़ में कहा था, बडे बाबू." मग मी साहेबांकडे वळून जे बोललो ते कोणी विचारलंही नव्हतं. "सर, सब पिक्चर का है. एक-एक लाइन. इसने अपनी तरफ़ से कुछ नहीं जोड़ा. इसमें इसका कुछ भी नहीं है."

शेवटचं वाक्य मी सावकाश बोललो. स्टेनोनं लिहून घेतलं. मी सही केली.

नोटीस फाइलबंद झाली. ऑफिसात मला खांद्यावर घेतलं नाही इतकंच. सगळे म्हणाले, दोस्तीसाठी लेखी दिलं, साहेबांच्या तोंडावर बोलला. दीदीनं पेढे आणले. आणि त्याच संध्याकाळी चहाला लेखापाल सहज म्हणाले, "मतलब ये तो बस नक़ल उतारता था. असली कमाल तो डायरेक्टर की है." सगळ्यांनी माना डोलावल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मला चहा गोड लागला.

सायकल स्टँडवर मित्र लुनाला पेडल मारत होता. मी जवळ गेलो.

"तुले मालूम होतं, सीन नव्हता म्हणून," तो पेडलवरून नजर न काढता म्हणाला.

"म्हणून तर वाचला ना बे."

"हव," तो म्हणाला. "वाचलो." लुना सुरू झाली. "'नाही जोडलं' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं यार. 'कुछ भी नहीं' काहून म्हणाला?"

मी म्हणालो, साहेबाले पटायला पाहिजे होतं. त्यानं मान हलवली आणि गेला.

त्यानंतर त्यानं तो सीन कधी केला नाही. लोक म्हणायचे, सुनाओ ना, तर म्हणायचा, पिक्चर येईल तेव्हा पाहून घ्या. दुसरंही काही सांगितलं नाही. डबा आम्ही एकत्रच खात राहिलो, पिक्चरला पुन्हा एकत्र गेलो नाही. पुढे ऑफिस नव्या रायपूरला गेलं. रुंद रस्ते, काचेच्या खिडक्या, स्टाफची बस, आणि भिंतीवर कुठलीच जुनी पाटी नाही. बसमध्ये तो खिडकीशी बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. त्याची आई पुढे सात वर्षं जगली, त्याच्याच हातचं खात. हे मी मधूनमधून स्वतःला सांगतो, आणि दर वेळी तेवढ्यानं बरं वाटत नाही.

आम्ही दोघंही आता रिटायर झालो. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी बायकोच्या मोबाइलवर तो पिक्चर सापडला. तिनं मला हाक मारली, चष्मा लावला, आणि आम्ही दोघांनी तो डाळीच्या डब्याला टेकवून पाहिला. ती फारशी हसली नाही. हॉस्पिटल आलं तेव्हा सरसावून बसली. मंत्री आला, खुर्ची आली, नर्स आली आणि सीन संपला.

तिनं मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा.

"फाइल कुठी आहे?" तिनं विचारलं.

मी डब्याला टेकवलेला मोबाइल सरळ केला.

"अहो, सलाईन नाही यात." ती माझ्याकडे बघत होती. "म्हणजे ते भाऊजींचंच होतं काय सगळं?"

इतकी वर्षं झाली. साहेब नाहीत, बडे बाबू नाहीत, कोणाची बदली व्हायची नाही. तो बीरगांवला जिवंत आहे, फोन केला तर उचलेल. हो म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं.

"मोबाइलवर कापून टाकतात," मी म्हणालो.

ती उठून चहा ठेवायला आत गेली. पिक्चर माझ्यासमोर चालूच होता. आतून सांडशी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचं हसू, एकटीचं, थांबता थांबेना असं.